तापमानवाढ नेमकी कशामुळे? डेटा हातात घेऊन स्वतः तपासायचं कसं

तापमान वाढतंय, कार्बन डायऑक्साइड पण वाढतोय, दोघांचे ग्राफ एकावर एक टाकले की रेषा मस्त जुळतात, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळून हलतात याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.9 च्या आसपास येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात की झालं, सिद्ध झालं. असं सिद्ध होत नाही. काळाबरोबर सरकत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी जुळणारच. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने हे 1926 मध्येच दाखवून दिलं होतं, एका बाजूला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि दुसऱ्या बाजूला मृत्युदर, 1866 ते 1911 या काळातलं कोरिलेशन 0.95! दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी उतरत होते, एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

तापमानवाढ माणसामुळे होतेय हे आज पक्कं आहे, पण ते या दोन रेषांमुळे पक्कं झालेलं नाही. ते पक्कं आहे कारण प्रत्येक संभाव्य कारण आपला वेगळा ठसा सोडतं, काळात, उंचीवर, नकाशावर, आणि ते ठसे एकमेकांपासून वेगळे काढता येतात. तेच कसं करायचं ते खाली सांगतोय. आर किंवा पायथन थोडंफार येत असेल आणि रिग्रेशन म्हणजे काय हे माहीत असेल तर पुरे.

आधी डेटा घ्या. जागतिक तापमानाच्या सिरीज फुकट मिळतात, ब्रिटनची हॅडक्रट 1850 पासून आहे, नासाची गिसटेम्प 1880 पासून, शिवाय नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेची आणि बर्कले अर्थ या स्वतंत्र गटाची आहे. एकच घेऊन बसू नका, किमान दोन घ्या. या सगळ्या सिरीज प्रत्यक्ष तापमान देत नाहीत, अनॉमली देतात, म्हणजे ठराविक काळाच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली. तो ठराविक काळ प्रत्येकाचा वेगळा असतो, हॅडक्रटचा 1961 ते 1990, गिसटेम्पचा 1951 ते 1980, त्यामुळे दोन सिरीज तशाच शेजारी ठेवल्या तर एक उगाचच जास्त गरम दिसते. आधी दोन्ही एकाच बेसलाइनवर आणा, मग तुलना करा. हॅडक्रटच्या पाचव्या आवृत्तीत एकाच सिरीजच्या 200 शक्य आवृत्त्या दिलेल्या आहेत, मोजमापातली अनिश्चितता त्यातून कळते, तुमचं सगळं ॲनालिसिस त्या 200 वर चालवून बघितलं की उत्तर मोजमापाच्या चुकीवर किती हलतं ते लगेच समजतं. फार कमी लोक हे करतात, खरं तर एक लूप लिहायचा एवढंच काम आहे.

डेटामध्ये दिसणारा प्रत्येक चढउतार हवामानाचा असतोच असं नाही हेही लक्षात ठेवा. 1945 मध्ये समुद्राच्या तापमानात जवळपास 0.3 अंशांची अचानक घसरण दिसते. 2008 मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी सिरीजमधून एल निनोचा (दर काही वर्षांनी पॅसिफिकचं पाणी तापतं आणि जग तात्पुरतं गरम होतं, त्याचा) परिणाम वजा केला तेव्हा ती घसरण एकदम उठून दिसली, आणि कारण निघालं जहाजं! युद्धकाळात बरीच मोजमापं अमेरिकन जहाजांची होती, ती इंजिनात घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजायची, युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढला आणि ती बादलीने पाणी वर काढून मोजायची, बादलीतलं पाणी वर येईपर्यंत थोडं गार होतं. आता ही घसरण दुरुस्त न करता कोणी मॉडेल फिट केलं तर ते बिचारं मॉडेल 1945 साठी काहीतरी भौतिक कारण शोधत बसणार.

आता कारणांची बाजू. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पीपीएममध्ये तसंच रिग्रेशनमध्ये टाकू नका. त्याचा परिणाम लॉगरिदमने चालतो, म्हणून आधी त्याचं रेडिएटिव्ह फोर्सिंग काढा, म्हणजे पृथ्वीच्या ऊर्जेच्या हिशोबात तो प्रत्येक चौरस मीटरमागे किती वॉटची भर घालतो. साधं सूत्र आहे, 5.35 गुणिले लॉग, आणि लॉगच्या आत आजचं प्रमाण भागिले औद्योगिक काळाआधीचं प्रमाण. 280 वरून 420 पीपीएम धरलं तर 1.5 चा नैसर्गिक लॉग 0.405, गुणिले 5.35, म्हणजे जवळपास 2.2 वॉट.

आता याच मापाने सूर्याला मोजा. पृथ्वीच्या कक्षेत सूर्याची ऊर्जा सुमारे 1361 वॉट प्रति चौरस मीटर येते आणि 11 वर्षांच्या चक्रात ती साधारण 1 वॉटने वरखाली होते. पण हा 1 वॉट तसाच फोर्सिंगच्या रकान्यात टाकायचा नाही, पृथ्वी गोल आहे म्हणून त्याला 4 ने भागायचं आणि सुमारे 30 टक्के परत परावर्तित होतो म्हणून 0.7 ने गुणायचं, उरतात साधारण 0.18 वॉट. तेही चक्रात वरखाली होणारे, साठत जाणारे नाहीत. रिग्रेशन चालवायच्या आधीच, नुसत्या कागदावर, कोणता आकडा कुठल्या मापाचा आहे हे कळलं पाहिजे. हे युनिटचं काम कंटाळवाणं वाटतं पण निम्मा वाद इथेच मिटतो.

पहिला खरा प्रयोग असा करा. 1979 पासूनचा मासिक डेटा घ्या आणि तापमानाचं रिग्रेशन चार गोष्टींवर चालवा: एल निनोचा इंडेक्स, ज्वालामुखीचे एरोसोल म्हणजे हवेतले बारीक कण (स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे हवेच्या वरच्या थरात, ते किती प्रकाश अडवतात याची ऑप्टिकल डेप्थ म्हणून सिरीज मिळते), सूर्याची ऊर्जा, आणि साधी सरळ काळाची रेषा. पहिल्या तिघांना लॅग द्या, म्हणजे परिणाम काही महिने उशिरा येतो असं धरा, कारण एल निनो आल्याआल्या जग तापत नाही, तीन-चार महिने जातात, ज्वालामुखीचा परिणाम पूर्ण दिसायला सहा-सात महिने लागतात. लॅग किती ठेवायचा ते डेटाला ठरवू द्या, 0 ते 24 महिने सगळे फिट करून बघा आणि उत्तम बसेल तो घ्या. 2011 मध्ये ग्रँट फॉस्टर आणि स्टीफन राहमस्टॉर्फ यांनी हेच पाच वेगवेगळ्या सिरीजवर केलं होतं आणि सगळ्यांचा ट्रेंड दर दशकाला 0.14 ते 0.18 अंशांच्या मध्ये आला. एल निनो, ज्वालामुखी आणि सूर्य वजा केल्यावर रेषा वळवळायची थांबते आणि चढ मात्र तसाच राहतो, हे पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर बघताना फार समाधान मिळतं.

तिघांना एकत्रच घाला, एकेक करून नको. कारण 1982 मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला आणि त्याच वर्षी मोठा एल निनो सुरू झाला, एकाने जग गार करायला घेतलं आणि दुसऱ्याने गरम. तुम्ही फक्त ज्वालामुखी घातलात तर मॉडेलला वाटेल की ज्वालामुखीने काहीच फरक पडत नाही. 1991 चा पिनाटुबो मात्र स्वच्छ दिसतो, त्यानंतर जग जवळपास अर्ध्या अंशाने गार झालं होतं. अजून एक, निनो 3.4 चा (पॅसिफिकच्या एका पट्ट्यातल्या समुद्राच्या तापमानाचा) कच्चा इंडेक्स घेतला तर त्यात समुद्राची तापमानवाढही मिसळलेली असते, ती एल निनोच्या खात्यात जाते, म्हणून उष्ण कटिबंधातल्या समुद्राची सरासरी वजा केलेला इंडेक्स वापरा.

या प्रयोगातून काय सिद्ध झालं नाही तेही स्पष्ट बोलू. काळाची रेषा म्हणजे माणूस नव्हे. एवढंच कळलं की 1979 नंतरचा चढ या तीन नैसर्गिक गोष्टींनी समजावता येत नाही. पुढची पायरी बाकी आहे.

त्याआधी एरर बारचं, म्हणजे उत्तरातल्या अनिश्चिततेच्या पट्ट्याचं बघू, कारण इथे खूप जण घसरतात. या महिन्याचं तापमान मागच्या महिन्यासारखंच असतं, म्हणजे 600 महिने घेतले तरी 600 स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. रेसिड्युअलचं (मॉडेल वजा केल्यावर जे उरतं त्याचं) एका महिन्याच्या लॅगचं ऑटोकोरिलेशन, म्हणजे स्वतःच्याच मागच्या महिन्याशी कोरिलेशन काढा, समजा 0.8 आलं, तर 600 ला 0.2 ने गुणा आणि 1.8 ने भागा, उरतात 67! साध्या रिग्रेशनने दिलेली एरर 600 च्या हिशोबाने असते, खरी एरर तिच्या साधारण तिप्पट. आणि हा हिशोबही एआर-वन मॉडेल (प्रत्येक महिना थेट फक्त मागच्या महिन्यावर अवलंबून) धरून आहे, तापमानाची स्मृती त्याहून लांब टिकते, म्हणून ती जास्त नीट पकडणारं एआरएमए (1,1) मॉडेल वापरलेलं बरं. पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्स या लायब्ररीत नेवी-वेस्ट एरर (ऑटोकोरिलेशन धरून काढलेली) एका ओळीत मिळते पण छोट्या सिरीजला तीही कमी पडते. याच कारणाने दहा-बारा वर्षांच्या ट्रेंडवर काहीही म्हणू नका, 1998 पासून 2012 पर्यंत रेषा काढून तापमानवाढ थांबली म्हणणाऱ्यांनी एका प्रचंड एल निनोच्या वर्षापासून सुरुवात केली होती आणि एरर बार नीट काढला असता तर दिसलं असतं की त्या तुकड्यातून कुठलाच ठाम निष्कर्ष निघत नाही. सुरुवातीचं वर्ष पाच-पाच वर्षं मागेपुढे करून बघा, निष्कर्ष बदलत असेल तर तो निष्कर्ष नाही.

आता एक सापळा, आणि यावर जरा थांबूया कारण यात शिकलेसवरलेले लोक अडकतात. यूलची भानगड टाळायची म्हणून टाइम सिरीजच्या पुस्तकात एक उपाय सांगितलेला असतो, डिफरन्स घ्या, म्हणजे या वर्षातून मागचं वर्ष वजा करा, ट्रेंड निघून जातो, मग कोरिलेशन बघा. कार्बन डायऑक्साइड आणि तापमान दोन्हींवर हे केलं की भलतंच दिसतं, आधी तापमान बदलतं आणि काही महिन्यांनी कार्बन डायऑक्साइडची वाढ बदलते. ग्रेंजर कॉजॅलिटीची टेस्ट (एका सिरीजच्या मागच्या आकड्यांनी दुसरीचा अंदाज सुधारतो का ते बघणारी) पण तेच सांगते. मग जाहीर होतं की कारण-परिणाम उलटा आहे, गरमीमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतोय.

पण डिफरन्स घेताना काय फेकून दिलं ते बघा. दीडशे वर्षांची वाढ, जिचं कारण शोधायला आपण बसलो होतो, तीच गेली. उरली फक्त वर्षावर्षाची वळवळ आणि ती प्रामुख्याने एल निनोची असते. एल निनोच्या वर्षी उष्ण कटिबंधात दुष्काळ पडतो, जंगलं कमी कार्बन शोषतात, वणवे लागतात, त्यामुळे हवेतली वाढ त्या वर्षी जास्त होते. हा संबंध अगदी खरा आहे! फक्त तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वाढ कुठून येतेय याचा साधा हिशोब करता येतो: माणूस वर्षाला जवळपास 40 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, हवेत वाढ होते साधारण 2.4 पीपीएम, आणि 1 पीपीएम म्हणजे 7.8 अब्ज टन, म्हणजे हवेत राहिले सुमारे 19 अब्ज टन. उरलेले 21 समुद्राने आणि झाडा-मातीने गिळले. निसर्ग एकूणात शोषतोय, तर वाढ त्याच्याकडून येईल कशी? शिवाय हवेतल्या कार्बन-13 चं (कार्बनचा जड प्रकार, झाडं तो कमी घेतात) प्रमाण घटतंय, जसं झाडांपासून बनलेलं जीवाश्म इंधन जाळल्यावर घटायला हवं. म्हणून ग्रेंजर टेस्ट वापरा पण तिच्या नावावर जाऊ नका, ती अंदाज सुधारतो का एवढंच सांगते.

मग ट्रेंडचं कारण शोधायचं कसं? दोन रस्ते आहेत, एक घरच्या लॅपटॉपवर होतो.

सगळ्या मानवी कारणांचं फोर्सिंग एका सिरीजमध्ये बेरीज करा (हरितगृह वायू अधिक, एरोसोल उणे) आणि सूर्य-ज्वालामुखीचं दुसऱ्या सिरीजमध्ये. समुद्र हळू तापतो म्हणून फोर्सिंग आज आलं आणि तापमान आज वाढलं असं होत नाही, त्यासाठी दोन घातांकी (आधी वेगाने, मग हळूहळू पुरे होणारे) प्रतिसाद धरतात, एक साधारण 4 वर्षांचा आणि एक दोनेकशे वर्षांचा. दोन्ही सिरीज त्यातून गाळून घ्या आणि मग 1850 पासूनच्या तापमानाचं त्या दोन कॉलमवर रिग्रेशन करा. मिळालेले गुणांक गुणिले कॉलम म्हणजे माणसाचा वाटा आणि निसर्गाचा वाटा. इथे काळाची रेषा नाही हे बघा, भौतिकशास्त्राने दिलेला आकार आहे, सुरुवातीला सपाट, 1940 ते 1970 मध्ये एरोसोलमुळे अडखळलेला, मग चढता. डेटा त्या आकाराशी जुळतो की नाही ही परीक्षा सरळ रेषेपेक्षा कितीतरी कडक आहे.

लोभ मात्र आवरा. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, एरोसोल असे सगळे वेगवेगळे कॉलम टाकायचा मोह होतो, पण ते सगळे एकाच औद्योगिक काळात एकत्र वाढलेत, कॉलम एकमेकांना इतके चिकटलेले की गुणांक वाटेल ते येतात, कधीकधी मिथेन जग गार करतंय असंही येईल. जागतिक सरासरीच्या एका सिरीजमध्ये त्यांना वेगळं करण्याइतकी माहितीच नसते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या सहाव्या अहवालातले आकडे याच नजरेने वाचा. 1850-1900 च्या तुलनेत 2010-2019 मध्ये माणसामुळे झालेली वाढ 1.07 अंश, रेंज 0.8 ते 1.3. पण तिचे तुकडे बघा, हरितगृह वायूंचे 1.0 ते 2.0, आणि एरोसोल वगैरेंनी गार केलं 0.0 ते 0.8. तुकड्यांची रेंज रुंद आणि बेरजेची अरुंद! कारण वायूंचा वाटा जास्त धरला की एरोसोलचाही जास्त धरावा लागतो, दोन्हींच्या चुका एकमेकींना कापतात. सूर्य आणि ज्वालामुखी उणे 0.1 ते अधिक 0.1, हवामानाची आपली आपण होणारी हालचाल उणे 0.2 ते अधिक 0.2.

दुसरा रस्ता म्हणजे फिंगरप्रिंटिंग, क्लाउस हासेलमान यांनी 1979 मध्ये मांडलेला, ज्यांना पुढे 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यात एका सरासरीऐवजी पूर्ण नकाशा, दशकादशकाने, आणि जमलं तर उंचीसकट घेतात. हवामानाच्या मॉडेलला एकदा फक्त हरितगृह वायू देतात, एकदा फक्त एरोसोल, एकदा फक्त सूर्य-ज्वालामुखी, आणि प्रत्येक वेळी जो नमुना उमटतो तो त्या कारणाचा ठसा. मग प्रत्यक्ष निरीक्षणांचं या ठशांवर रिग्रेशन. एरोसोल उत्तर गोलार्धात जास्त, वायू सगळीकडे पसरलेले, म्हणून वेळेत चिकटलेले कॉलम नकाशावर सुटे होतात. उंचीचा ठसा तर फारच बोलका आहे, सूर्य तापला असता तर खालची आणि वरची हवा दोन्ही तापली असती, कार्बन डायऑक्साइडमुळे खाली तापतं आणि स्ट्रॅटोस्फिअर गार होतं, हे 1967 मध्ये स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या मॉडेलने उपग्रह मोजायला लागायच्या आधीच सांगितलं होतं. फक्त खालच्या स्ट्रॅटोस्फिअरला ओझोनच्या ऱ्हासानेही गार केलंय, म्हणून वरचे थर तपासा.

हे करायचं असेल तर सीएमआयपी 6 या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या एकत्रित प्रकल्पाच्या डीएएमआयपी या भागात एकेका कारणाचे रन (मॉडेल चालवून निघालेला डेटा) मिळतात. नॉइज, म्हणजे हवामानाची आपली आपण होणारी हालचाल, किती हे ठरवायला औद्योगिक काळाआधीच्या स्थिर परिस्थितीतले शेकडो वर्षांचे कंट्रोल रन घ्या, त्यांचे दोन भाग करा, एक भाग फिट करताना वजन द्यायला आणि दुसरा अनिश्चितता काढायला, एकच भाग दोन्हीकडे वापरला तर एरर खोटी लहान येते. ठसे स्वतः मॉडेलमधून आलेले आणि त्यातही नॉइज असतो, साधं रिग्रेशन अशा वेळी गुणांक शून्याकडे ओढतं, म्हणून बरेच रन सरासरी करा आणि टोटल लीस्ट स्क्वेअर्स (ठशांमधला नॉइजही हिशोबात घेणारं रिग्रेशन) वापरा. गुणांकाची रेंज शून्याच्या वर असेल तर ठसा सापडला, रेंजमध्ये 1 असेल तर ठशाची ताकदही बरोबर. शेवटी रेसिड्युअल कंट्रोल रनच्या नॉइजएवढेच आहेत का ते तपासा, फार मोठे असतील तर काहीतरी कारण राहिलंय किंवा मॉडेलची नैसर्गिक हालचाल कमी पडतेय, आणि मग गुणांक कितीही छान आले तरी ते छापायचे नाहीत.

कुठलाही रस्ता घ्या, एक परीक्षा दोन्हींना लावा. 1990 पर्यंतच्या डेटावर फिट करा, मग पुढचं फोर्सिंग देऊन पुढचं तापमान काढा आणि प्रत्यक्षाशी ताडा, मानवी कॉलमसकट एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा. त्याच्याशिवायचं मॉडेल 1990 पर्यंत ठीकठाक दिसू शकतं, नंतर ते खाली राहतं आणि निरीक्षणं वर निघून जातात, दर दशकाला अंतर वाढत जातं. तो ग्राफ दोन्ही रेषांच्या रेंजसकट दाखवा आणि सोबत कोड द्या, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला स्वतः लॅग बदलून, सिरीज बदलून, सुरुवातीचं वर्ष बदलून बघता येईल.